दुपारचं की संध्याकाळचं

आमच्या भाऊजींना रेडिओ केंद्रात सगळे शंकासुर म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची सोयच नाही, कारण मग हे नाव कोणी ठेवलं, कधी ठेवलं आणि त्या वेळी खोलीत कोण कोण होतं, इथपर्यंत चौकशी जाते. त्यांचा संशय माझ्यावर आहे. या एका बाबतीत तो बरोबर आहे, पण ते मी त्यांना कशाला सांगू?

मी त्याच केंद्रात निवेदिका. माझा आवाज गोड आहे असं श्रोते कळवतात. जिभेबद्दल घरचे वेगळं सांगतील. भाऊजी ध्वनी अभियंता. दर गुरुवारी संध्याकाळी शहरातल्या जुन्या सभागृहातून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होतो, आणि त्याचा आवाज गेली कित्येक वर्षं त्यांच्या हातात आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं आणि त्यांचं लग्न मीच जुळवलं. त्यामुळे त्यांच्या स्वभावाविषयी कुरकुर करायला मला माहेरी जागा उरलेली नाही. ताई सरळ विचारते, "स्थळ कोणी आणलं होतं?"

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली होती. वडील म्हणाले, "काय बघताय?" भाऊजी म्हणाले, "भिंत पोकळ आहे. पलीकडे कोण राहतं?" वडिलांनी शेजाऱ्यांचं नाव, गाव, व्यवसाय सगळं सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि पूर्ण वेळ कुजबुजत बोलले. ताईला ते इतकं गमतीचं वाटलं की तिने तिथेच होकार दिला. तरुणपणी माणसाला काहीही गमतीचं वाटतं.

भाऊजी हलक्या कानाचे नाहीत. कोणी काही सांगितलं म्हणून ते कोणावर संशय घेत नाहीत. ते कोणाचंच ऐकत नाहीत आणि सगळ्यांवर घेतात. सभागृहाच्या दारावरच्या माणसाचे बूट कुरकुरायचे. भाऊजींनी स्वतः दुकानात जाऊन त्याला मऊ तळव्यांचे बूट आणून दिले. पुढच्या गुरुवारी मला म्हणाले, "हा माणूस आता पाऊल न वाजवता फिरतो. कशाला?" खोकणाऱ्यांबद्दल तर त्यांचं पक्कं मत आहे. ते म्हणतात, खरा खोकला अडवता येत नाही. हे लोक मात्र वाजवणारा थांबेपर्यंत वाट बघतात, आणि ज्याला वाट बघता येते त्याला खोकला झालेला नसतो.

आता गुरुवारची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दुपारी कलाकारांची तालीम होते आणि तिचं पूर्ण ध्वनिमुद्रण होतं. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला की केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये हे दुपारचं मुद्रण आवाज बंद ठेवून सोबतीने चालू असतं. सभागृहाकडून येणारी लाइन मध्येच तुटली, तर कंट्रोल रूमवाल्याने त्याचा आवाज वर घ्यायचा, म्हणजे श्रोत्यांना शांततेचा खड्डा लागत नाही. फिती जाऊन संगणक आले, तरी आम्ही त्याला दुपारची फीतच म्हणतो.

या फितीची भाऊजींना धास्ती. कोणीतरी एक दिवस संध्याकाळच्या जागी दुपारचंच लावून देईल आणि पाय पसरून चहा पीत बसेल, असं त्यांना सारखं वाटायचं. मी म्हटलं, "कोण कशाला असं करेल?" म्हणाले, "सोपं आहे म्हणून. माणसं दुष्टपणापायी फार कमी वाईट करतात. सोपं असतं म्हणून करतात."

म्हणून दर गुरुवारी तालीम झाली की ते मुख्य माईक हलवायचे. एरवीही तो थोडा हलवावाच लागतो. खुर्च्या भरल्या की माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात, आणि रिकाम्या सभागृहात छान वाटलेला सूर कोरडा पडतो. पण किती हलवायचा, मागे की पुढे, कुठल्या बाजूला, हे त्यांचं गुपित. शेजारी बसून मलाही ते सांगत नसत. कधी कधी तर मुद्दाम असा हलवायचे की दुपारचं आणि संध्याकाळचं ऐकणाऱ्याला वेगवेगळं ओळखता यावं. नोटेवर खूण असते ना, तशी ही त्यांची खूण.

आणि ओळखणारं कोण? सभागृहाच्या ज्या खोलीत आम्ही बसतो, तिच्या भिंती दगडी आणि जाड. तिथे रेडिओ लागतच नाही. आम्ही काय पाठवतोय ते आम्हाला हेडफोनमध्ये ऐकू येतं. काय पोचतंय ते नाही. म्हणून ओळखायचं काम ताईचं. दर गुरुवारी संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात, खिडकीतल्या जुन्या, दोन स्पीकरच्या, मूठ मोडलेल्या रेडिओसमोर. स्टुडिओतले महागडे स्पीकर भाऊजींना चालत नाहीत. "ते खुशामत करतात," ते म्हणतात. "हा रेडिओ खोटं बोलत नाही. त्याला तेवढी अक्कलच नाही."

ताई लहानपणी व्हायोलिन शिकत होती. बरीच वर्षं शिकली, मग आईच्या आजारपणात ते सुटलं ते सुटलंच. कान तेवढा राहिला. शुक्रवारी सकाळी चहाचा कप पुढे आला की भाऊजी एकच शब्द म्हणायचे, "बोल." गुरुवारी रात्री विचारायचे नाहीत, कारण थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ताई भाजी चिरता चिरता सांगायची, "जरा लांबून होतं. आणि डावीकडून. पियानो मात्र नको इतका पुढे." भाऊजी मान हलवायचे. बरोबर असायचं, दर वेळी. त्यांच्या संसारात प्रेमाचं बोलणं म्हणून जे काही होतं ते हेच असावं. दुसरं तरी माझ्या कानावर कधी आलं नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "दुपारी मुद्रण होतंच, तर संध्याकाळी तेच का लावत नाही? थेट प्रक्षेपणाचा एवढा खटाटोप कशाला? कोणाला फरक कळणार आहे?"

"कळेल," भाऊजी म्हणाले.

"कोणाला?"

"ऐकणाऱ्याला."

साहेब हसले. "बरं. कार्यक्रमांचा हंगाम संपायच्या आत ठरवू."

झालं. इतके दिवस मोकाट फिरणाऱ्या संशयाला घर मिळालं. भाऊजींना खात्री पटली की साहेब आधी गुपचूप करून बघणार, आणि कोणाला कळलं नाही की थेट प्रक्षेपण बंद करणार. आणि हे त्यांच्यासाठी करणार कोण, तर कंट्रोल रूममधला घुम्या.

घुम्याचं खरं नाव हजेरीपटाला माहीत. माणूस सज्जन, पण बोलायला दिलं तर दिवसभरात चार शब्द पुरवून वापरेल. शहराच्या दुसऱ्या टोकाला, केंद्राच्या तळमजल्यावर तो एकटा बसतो. त्याची नोकरी कराराची, आणि तो करार हंगामासोबत संपत होता. भाऊजी म्हणाले, "ज्याचा करार संपत आलाय तो साहेबांना नाही म्हणेल?" घुम्या माणसाचं हेच वाईट असतं. तो काही बोलत नाही, म्हणून त्याच्या मनात काय आहे ते दुसरेच ठरवतात.

अशात त्या बाई आल्या. व्हायोलिन वाजवणाऱ्या. कितीतरी वर्षांनी पुन्हा मंचावर येत होत्या, आता केस पिकलेले, चालताना आधार लागणारा. ओळीने दोन गुरुवार त्यांचे होते. ताई मुलगी होती तेव्हा या बाईंची तसबीर तिच्या पलंगाशी असायची. आठवडाभर भाऊजी चेव आल्यासारखे कामाला लागले. दुपारी तालमीला माईक बाईंच्या जवळ ठेवला. संध्याकाळी तो बराच मागे ओढला आणि उंच केला. "सभागृहालाही वाजू दे," असं पुटपुटले. हेडफोनमध्ये मी ऐकलं आणि पुढच्या निवेदनाचा कागद उलटायला विसरले. इतकं ते सुंदर होतं.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडेच होते. कप पुढे आला. "बोल."

ताई आमच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती. "जवळून," ती म्हणाली. "अगदी समोरून. बाई माझ्यापुढे बसून वाजवतायत असं वाटलं."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "जवळून?"

"हो."

"नक्की?"

"ऐकलं ते सांगितलं. आता काय लिहून देऊ?"

भाऊजी चहा तसाच टाकून उठले. दुपारी जवळून, संध्याकाळी लांबून. ताईने ऐकलं जवळून. म्हणजे वाजलं ते दुपारचं. दोन आणि दोन चार करायला त्यांना वेळ लागला नाही. त्यातला एक 'दोन' दुसऱ्याच घरचा होता, पण ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

केंद्रात जाऊन त्यांनी आधी घुम्याला गाठलं. "काल काय लावलंत?"

"तुम्ही पाठवलं ते."

"सगळं?"

घुम्या थांबला. मग म्हणाला, "हो."

ते थांबणं भाऊजींनी पुरचुंडीत बांधल्यासारखं जपून आणलं आणि मला तीन-तीनदा करून दाखवलं. मग गाडी माझ्यावर आली. माझी निवेदनं तर थेट गेली होती, मग मधला भाग बदलला तर मला कळल्याशिवाय कसा? मी म्हटलं, "भाऊजी, मी तुमच्या शेजारी बसले होते."

"शेजारच्यालाच जास्त माहीत असतं," ते म्हणाले.

शनिवारी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती श्रोत्यांनी तक्रार केली?"

"एका."

"कोण?"

भाऊजी जरा अडखळले. "जाणकार आहेत."

"ठीक. सोमवारी तुम्हा दोघांना समोरासमोर बसवतो. कंट्रोल रूमवाल्याने मला न विचारता असलं काही केलं असेल, तर त्याचा करार वाढवण्याचा प्रश्नच येत नाही."

मी भाऊजींना जिन्यात अडवलं. "तुम्हाला कळतंय का काय होईल? त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल. आणि वर साहेब म्हणतील, बघा, दुपारचं लावलं आणि अख्ख्या शहरात एका माणसाला कळलं. तुमचा गुरुवारही जाईल."

"मग काय, खोटं वाजवून गुरुवार टिकवायचा?" ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरून गेले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. गुरुवार गेला तर या माणसाने करायचं काय? घरी बसून भिंती वाजवायच्या?

रविवारी मी गेले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर खिडकीतल्या रेडिओची आतडी. खोटं बोलायची अक्कल नसलेल्या रेडिओवरही शेवटी पाळी आली होती. भाऊजी भिंगातून एकेक टाका तपासत होते. "सोमवारी साहेब विचारतील, रेडिओ धड होता कशावरून," ते म्हणाले. "आधीच बघितलेलं बरं. हा स्क्रू कोणीतरी उघडलेला दिसतो."

"तुम्हीच," मी म्हटलं. "आत्ता."

ताई दारात उभी होती. हात कोरडे होते तरी पदराला पुसत होती. "सोमवारी काय आहे?" तिने विचारलं.

तिला काही सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. घुम्या, करार, साहेब, समोरासमोर, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"बंद करा ते," ती म्हणाली. "रेडिओ चांगला आहे. मी घरी नव्हते."

भाऊजींनी भिंग डोळ्यापासून काढलं नाही. "कधी?"

"गुरुवारी. मी सभागृहात होते."

मी आधी तिच्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे. आमच्या खोलीच्या काचेतून मला श्रोत्यांची मागून नुसती डोकी दिसतात. त्यात सख्ख्या बहिणीचं डोकं होतं आणि मला ओळखू आलं नव्हतं.

सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाने एका माणसावर आयुष्यात कधी घेतला नव्हता, आणि नेमकं तिथेच पाणी मुरलं होतं. मला वाटलं आता काहीतरी भयंकर ऐकावं लागणार.

"तिकीट कोणी दिलं?" भाऊजींनी विचारलं.

"काढलं."

"कुठली रांग?"

"दुसरी."

"मधे की कडेला?"

"मधे."

"मग जवळून बरोबर आहे," ते म्हणाले. माणूस बुडताना पाण्याची खोली मोजतो म्हणतात, त्यातलीच गत. मग भिंग खाली आलं. "आणि याआधी किती वेळा?"

"एकदाही नाही."

"कशावरून?"

ताई सहसा चिडत नाही. त्या दिवशी चिडली. "इतकी वर्षं दर गुरुवारी मी या ओट्याशी उभी आहे," ती म्हणाली. "कोणाकडे जायचं नाही, कोणी यायचं नाही, नळ सोडायचा नाही. दर शुक्रवारी बरोबर सांगितलं ते काय भिंतीला विचारून? शहरातली सगळी माणसं तिकीट काढून जातात, आणि ज्या बाईचा नवरा तिथे बसतो तिने रेडिओ ऐकायचा. मला एकदा त्यांची बोटं बघायची होती. बस. घरी येऊन सांगणार होते. पण तुम्ही 'बोल' म्हणालात आणि माझ्या तोंडून जे ऐकलं तेच निघून गेलं."

"बोटं," भाऊजी म्हणाले.

"हो. आणि तीही दिसली नाहीत. तुमचा तो माईकचा उंच दांडा नेमका बाईंच्या डाव्या हाताच्या आड."

भाऊजींनी टेबलावरचे स्क्रू गोळा करायला घेतले. एक घरंगळून खाली गेला तर तो शोधायलाही वाकले नाहीत. मी तो उचलून दिला. मला दोघांचीही दया आली आणि कोणाच्या बाजूने बोलावं ते कळेना, म्हणून मी चहा टाकला.

सोमवारी साहेबांच्या आधी ते कंट्रोल रूममध्ये गेले. मला सोबत घेतलं, साक्षीला. माफी मागायलाही या माणसाला साक्षीदार लागतो. घुम्या उठून उभा राहिला. भाऊजी म्हणाले, "चूक माझी. मी ज्यांच्या भरवशावर बोललो ते त्या दिवशी रेडिओपाशी नव्हते. तुमच्यावर नाहक संशय घेतला."

घुम्याने आमच्या दोघांकडे बघितलं. मग त्याने जाऊन दार लावलं.

"नव्हते?" तो म्हणाला. "म्हणजे कोणीच ऐकलं नाही?"

"काय?"

"बाईंच्या दुसऱ्या रचनेत लाइन गेली," घुम्या म्हणाला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकत होते. "मी दुपारची फीत वर घेतली. रचना संपत आली तेव्हा लाइन परत आली, टाळ्या खऱ्या गेल्या. मग मी फोनकडे बघत बसलो. वाटलं, आता लोक फोनवर तुटून पडतील. तुमचा तो सभागृहाचा नाद गेला आणि एकदम कोरडं झालं, मला तर चटका बसल्यासारखं झालं. पण एकही फोन आला नाही."

"मला का नाही कळवलंत?"

"तुम्ही नोंद केली असती. साहेबांना कळलं असतं. म्हणाले असते, बघा, कोणालाच फरक कळत नाही. आणि गुरुवार बंद झाला असता." तो खाली बसला. "शुक्रवारी तुम्ही विचारलंत ना, तेव्हा भीती वाटली. पण खरं सांगू, बरंही वाटलं. म्हटलं, चला, कोणाला तरी कळलं."

साप समजून भुई धोपटत राहावी आणि भुईखाली खरंच साप निघावा, तसं झालं. भाऊजी शुक्रवारपासून बरोबर होते. लाइन तुटली होती, दुपारचं वाजलं होतं, घुम्याचं ते 'हो' खोटं होतं. फक्त ज्या पुराव्यावर ते उभे होते तो पुरावा दुसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन बघत होता. इतर कोणत्याही दिवशी हे कळलं असतं तर त्यांनी मला महिनाभर ऐकवलं असतं. त्या दिवशी ते घुम्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कोणालाच नाही."

"मला कळलं," घुम्या म्हणाला.

"तुम्ही बटण दाबलंत. तुम्हाला कळणारच."

घुम्याने हेडफोन कानाला लावले. त्याचे शब्द संपले होते.

साहेबांसमोर भाऊजी उभेच राहिले. मी मनातल्या मनात जप करत होते, कारण या माणसाने आयुष्यात एक खोटा सूर पुढे जाऊ दिलेला नाही, आणि आता खरं बोलले असते तर घुम्या आणि गुरुवार दोन्ही गेले असते. साहेबांनी विचारलं, "हं, मग? दुपारचं होतं की संध्याकाळचं?"

"तक्रार करणाऱ्यांनी तक्रार मागे घेतली आहे," भाऊजी म्हणाले.

"त्या जाणकारांनी?"

"हो."

यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांना दुसऱ्या बैठकीला जायचं होतं. "मग कशाला माझा वेळ घेतलात?" ते म्हणाले, आणि प्रकरण तिथेच मिटलं. थेट प्रक्षेपणाचा निर्णय पुढच्या हंगामावर गेला. घुम्याचा करारही वाढला, कारण तळमजल्यावर एकटं बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

गुरुवारी बाईंचा दुसरा कार्यक्रम. बुधवारी भाऊजींनी ताईच्या हातात तिकीट ठेवलं. दुसरी रांग, मधे. ती म्हणाली, "आणि रेडिओ?" भाऊजी म्हणाले, "त्याचे दोन स्क्रू सापडत नाहीत." मला माहीत होतं, दोन्ही त्यांच्या खिशात होते.

दुपारी तालीम झाली. बाई विश्रांतीला गेल्या. भाऊजी मंचावर चढले, माईकच्या स्टँडपाशी उभे राहिले आणि मग एक विचित्र गोष्ट केली. खाली उतरून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. तिथून मंचाकडे बघितलं. परत वर गेले, दांडा बाजूला सरकवला. परत खाली येऊन बसले. मान वाकडी केली. परत वर गेले, आणखी सरकवला आणि खाली घेतला. ती जागा माईकसाठी चांगली नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं. तिथे भिंतीचा कोपरा जवळ येतो आणि वरचे सूर टोचायला लागतात. बोलले असते तर म्हणाले असते, तुला कोणी शिकवलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. बाईंनी वाजवायला सुरुवात केली आणि हेडफोनमध्ये व्हायोलिन खरंच कडेला गेलेलं. वाईट नाही, पण भाऊजींचं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने आवाजात खोट येऊ दिली होती. ते बटणांवर मान घालून बसले होते, माझ्याकडे बघत नव्हते.

पहिली रचना अर्ध्यात असताना कंट्रोल रूमशी जोडलेल्या फोनचा दिवा लागला. कार्यक्रम चालू असताना त्या फोनला घंटा नसते, नुसता दिवा लुकलुकतो. भाऊजींनी उचलला. मी माझा कान जवळ नेला.

"व्हायोलिन आज उजवीकडे गेलंय," घुम्या म्हणत होता. "वरचे सूर टोचतात. माईक हलला का?"

भाऊजींनी फोन ठेवला. मला वाटलं, यांना आनंद होईल. शहरात दुसरा कान निघाला होता, आणि या वेळी त्याने बटण दाबलेलं नव्हतं. ते खुर्ची सरकवून माझ्या जवळ आले आणि कुजबुजले, "याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्यांनी ऐकलं."

"तू सांगितलंस."

"मी तुमच्या शेजारी बसलेय, भाऊजी."

भाऊजींनी खुर्ची परत सरकवली. मग पुन्हा बटणांकडे वळले, पण मधूनच त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होते.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम गेले. रेडिओ खिडकीत, सगळ्या स्क्रूंसकट. कप पुढे आला. भाऊजींनी "बोल" म्हटलं नाही. चहात बघत विचारलं, "दिसली का?"

"दिसली," ताई म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

"मग सांग," भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तो जुना, ओळखीचा संशयाचा खडा होता, "त्या संथ जागेत कुठलं बोट जास्त चालत होतं?"

ताई हसली. हात पुसून त्यांच्याजवळ येऊन बसली, त्यांचा हात उचलून टेबलावर आडवा धरला आणि मनगटाच्या वर आपली चार बोटं टेकवली. करंगळी घट्ट दाबून ती हलकेच मागेपुढे डोलवत राहिली. बघता बघता तिची बाकीची बोटंही सरकायला लागली, कधीकाळी शिकलेली. भाऊजींनी हात काढून घेतला नाही. चहा गार होत होता.

"आणि आवाज?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "आवाज कसा होता?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. "मी बघत होते."